डिस्नेलँडच्या हाँटेड मॅन्शनमध्ये बघण्यासारखं नेमकं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की जुलैत मुलाकडे लॉस एंजेलिसला जाताय, डिस्नेलँडची तिकिटं काढून झालीत आणि जो तो सांगतोय की हाँटेड मॅन्शन चुकवू नका. इतक्या जुन्या भूतबंगल्यात असं काय आहे, आणि सात वर्षांची नात घाबरेल का, असे तुमचे दोन प्रश्न. नातीचं शेवटी सांगतो. पहिल्याचं उत्तर लांबणार, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात मी वीस वर्षं नाटकांची प्रकाशयोजना करतोय. बहीण तिकडे आयर्व्हाइनला असते. तिच्याकडे गेलो तेव्हा एकाच दिवसात या राइडमध्ये चार वेळा बसलो, आणि चौथ्या वेळी बाहेर आलो तेव्हा हात जोडावेसे वाटले. आत जी भुतं आहेत ती सगळी नाटकवाल्यांची आहेत. काच, जाळीचा पडदा, काळा रंग आणि योग्य वेळी मालवलेला दिवा.

सुरुवात दारापासून करू. तुम्हाला एका आठ कोनी खोलीत उभं करतात. दार बंद होतं, भिंतींवरची चार चित्रं खालच्या बाजूने लांबत जातात आणि खोली उंच होत चालल्यासारखी वाटते. छत आहे तिथेच असतं, तुम्ही खाली जात असता. ती खोली म्हणजे चक्क लिफ्ट आहे. असं करायचं कारण रेल्वे! डिस्नेलँडभोवती मातीच्या बांधावरून छोटी आगगाडी फिरते. बाहेरून दिसणारा देखणा बंगला बांधाच्या आत आहे, पण खरी राइड मावेल एवढी जागा आत नव्हती. म्हणून तिची प्रचंड शेड बांधाच्या पलीकडे घातली. आता लोकांना रुळांखालून पलीकडे न्यायचं, तर आधी खाली उतरवायला हवं. दुसऱ्या कोणी जिना बांधला असता. यांनी उतरण्याचाच एक प्रवेश केला. नंतर ज्या चित्रांच्या बोळातून तुम्ही चालता, तो त्या रुळांखालचा बोगदा आहे. डिस्नीच्या फ्लोरिडातल्या पार्कात १९७१ साली हीच राइड पुन्हा उभारली. तिथे खाली उतरायची गरज नव्हती, पण हा प्रवेश तोवर इतका गाजला होता की तिथे छत वर सरकवलं.

त्या खोलीत दिवे जातात, वीज चमकते आणि छताच्या जागी वर एक लटकलेला देह दिसतो. आम्ही नाटकात हेच करतो. छत म्हणजे ताणलेला झिरझिरीत जाळीचा पडदा. पुढून उजेड टाकला की तो भिंतीसारखा घट्ट दिसतो, पुढचा उजेड काढून मागचा लावला की पडदा नाहीसा होतो आणि मागचं दिसायला लागतं. मी हे शेकडो वेळा केलंय, तरी तिथे मान वर करून बघताना अंगावर काटा आला.

आता थोडा इतिहास. डिस्नेलँड १९५५ साली उघडलं, आणि १९५७ साली वॉल्ट डिस्नींनी केन अँडरसन या चित्रकाराला भूतबंगल्याच्या कामाला लावलं. अँडरसननी बाल्टिमोरमधल्या एका जुन्या घरावरून बंगला काढला, पण मोडकळीला आलेला, फळ्या निखळलेल्या, रान माजलेला. डिस्नींना ते पटेना. आपल्या स्वच्छ पार्कात पडकं घर नको, बाहेरचं आम्ही नीट राखू, आतलं भुतं बघून घेतील, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून हा बंगला बाहेरून पांढराशुभ्र आणि नीटनेटका आहे. मला तो पडक्या वाड्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो.

बंगला १९६३ साली बांधून झाला आणि आत काहीही नसताना सहा वर्षं तसाच उभा राहिला. आधी न्यूयॉर्कच्या १९६४च्या जागतिक प्रदर्शनाच्या कामाने सगळी माणसं ओढून घेतली, मग डिसेंबर १९६६मध्ये डिस्नी गेले. दरम्यान फाटकावर पाटी होती. निवृत्तीनंतरचं आयुष्य मजेत घालवू इच्छिणाऱ्या भुतांनी जागेसाठी अर्ज करावेत, असं तीत म्हटलं होतं! ती डिस्नीकडचे लेखक मार्टी स्क्लार यांनी लिहिली होती. अखेर ९ ऑगस्ट १९६९ला दार उघडलं, आणि आठवड्याभरात, १६ ऑगस्टला, पार्कात ८२,५१६ लोक आले. तोवरचा तो उच्चांक होता.

डिस्नी गेल्यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे ठरलेलं राहिलं नाही. क्लॉड कोट्स हे पार्श्वभूमी रंगवणारे चित्रकार. त्यांना लांबच लांब काळोखे बोळ आणि दारांमागची धडधड हवी होती. मार्क डेव्हिस पात्रं घडवणारे, त्यांना गमतीदार भुतं हवी होती. दोघांचंही ऐकलं गेलं. पहिल्या भागात जवळजवळ एकही भूत दिसत नाही. दारं श्वास घेतल्यासारखी फुगतात, मेणबत्त्यांचं झाड अधांतरी तरंगतं, एवढंच. तो भाग कोट्सचा. नाचघरापासून पुढे भुतांची जत्रा भरते, ती डेव्हिसची. ही तडजोड आहे म्हणून राइडला नावं ठेवणारे लोक मला भेटलेत. मला ते मान्य नाही. अर्धा वेळ फक्त चाहूल आणि मग एकदम गर्दी, हा क्रम कोणत्याही चांगल्या रहस्यनाट्याचा असतो. दोन्ही भाग सांधले झेवियर अटेन्सिओ यांनी. ते मुळात अ‍ॅनिमेटर, त्यांनी संहिता लिहिली आणि गाण्याचे शब्दही. चाल बडी बेकर यांची.

मूळ बेत चालत फिरण्याचा होता. पण घोळक्याने चालणारे लोक रेंगाळतात, आणि डिस्नेलँडच्या गर्दीला ते परवडणारं नव्हतं. म्हणून काळ्या शिंपल्यांसारख्या गाड्यांची न थांबणारी साखळी आणली. त्यांना डूम बगी म्हणतात. तुमची बगी वळते आणि तुम्हाला जिकडे बघायला लावायचं तिकडेच तुमचं तोंड करते. पाठीचा उंच गोल भाग बाकीचं सगळं झाकतो. प्रेक्षक भलतीकडे बघतो ही रंगमंचावरची आमची कायमची डोकेदुखी, तिच्यावर इतका चोख उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही. माळ्यावरून बाहेर पडताना बगी उलटी फिरून पाठमोरी खाली उतरते. समोर फक्त आकाश आणि झाडांच्या फांद्या. खाली पोचून वळली की अख्खं स्मशान समोर. तिथे वळणावर कंदील धरलेला रखवालदार आणि त्याचा हडकुळा कुत्रा दिसेल. त्याचे गुडघे लटलट कापत असतात, कारण त्या सगळ्या भुतावळीत तो एकटाच जिवंत माणूस आहे.

भुतांच्या युक्त्या मात्र डिस्नीकडचेच कलाकार येल ग्रेसी आणि रॉली क्रंप यांच्या. या दोघांना एक खोली देऊन ठेवली होती आणि तिथे ते वर्षभर भुतं बनवत बसले. क्रंप सांगत असत तो किस्सा असा. रात्रीच्या सफाईवाल्यांनी तक्रार केली की तुमच्या खोलीत भीती वाटते, दिवे चालू ठेवून जा. यांनी दिवे चालू ठेवले, पण अदृश्य किरणाचा एक खटका बसवला. खोलीच्या मध्यापर्यंत कोणी आलं की दिवे जाऊन सगळी भुतं सुरू. सकाळी येऊन पाहतात तर भुतं अजून चालूच आहेत आणि फरशीच्या मधोमध झाडू पडलेला. पुढे निरोप आला की इथून पुढे तुमची खोली तुम्हीच झाडा.

आता नाचघर. यासाठी तरी जाच. रात्रीची एसटी घाटातून चाललीय आणि आतला दिवा लागलेला आहे असं समजा. खिडकीत तुमचा चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो आणि चेहऱ्यातून झाडंही दिसतात. कंडक्टरने दिवा मालवला की चेहरा गेला. एवढंच शास्त्र आहे. लंडनमध्ये १८६२ साली जॉन हेन्री पेपर यांनी ते रंगमंचावर आणलं, मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. तेव्हापासून त्याला 'पेपरचं भूत' म्हणतात. नाचघरात तुमच्यापुढे प्रचंड काचा उभ्या आहेत, त्या दिसत नाहीत. पलीकडचं टेबल, खुर्च्या, वाद्य हे सगळं खरं. भुतं तिथे नाहीतच. ती तुमच्या बगीच्या वर आणि खाली, काळ्या रंगवलेल्या जागांमध्ये हलत असतात. त्यांच्यावर उजेड पडला की त्यांचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि ती नेमकी खुर्चीवर बसलेली दिसतात. उजेड काढला की खुर्ची रिकामी. अजून एक खूण सांगतो. नाचणाऱ्या जोड्यांचे हात बघा. प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, त्यामुळे बायका पुरुषांना फिरवताहेत असं दिसतं. एवढी एक गोष्ट टिपली की काच कुठे आहे ते मनात पक्कं बसतं.

बगीत बसण्याआधी दोन दगडी चेहरे लागतील. तुम्ही जाल तिकडे ते मान वळवून बघतात. याची ओळख मला लहानपणीच झाली होती. पेणला मावशीच्या गल्लीत गणपतीचा कारखाना होता. मुखाचे साचे भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे. एक डोळा मिटून आतल्या खोलगट मुखाकडे बघत राहिलो की ते फुगीर दिसू लागे, आणि मी डावीकडे सरकलो की तेही माझ्याकडे वळे. सोंडेची घळ बाहेर आल्यासारखी दिसायची. मी धावत मावशीकडे गेलो होतो. मॅन्शनमधले चेहरे तसेच आत गेलेले, खोलगट आहेत. चेहरा म्हणजे फुगीर, अशी आपल्या मेंदूची इतकी खात्री असते की तो खोलगट बघायलाच तयार होत नाही. त्यात कुठेही यंत्र नाही.

काचेच्या गोळ्यातली बोलणारी बाई म्हणजे मादाम लिओटा. तो चेहरा लिओटा टूम्ब्स यांचा. त्या डिस्नीकडेच कामाला होत्या. कोऱ्या पांढऱ्या मुंडक्यावर चेहऱ्याची फिल्म टाकायची, ही मूळ युक्ती. आवाज मात्र अभिनेत्री एलिनॉर ऑडली यांचा. स्मशानातले पाच गाणारे पुतळेही असेच. त्यातला मान मोडून आडवा पडलेला पुतळा वॉल्ट डिस्नींचा, असं पुष्कळजण सांगतात. ते चूक आहे. तो गायक थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांचा चेहरा आहे.

सगळंच जमलं असं नाही. माळ्यावर एक भूत होतं, हातात टोपीचा डबा घेतलेलं. त्याचं मुंडकं खांद्यावरून नाहीसं होऊन डब्यात दिसायला हवं होतं. पण बग्या फार जवळून जात आणि आजूबाजूचा उजेड त्याच्यावर सांडे, त्यामुळे मुंडकं पुरतं नाहीसं होईना. राइड उघडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला काढलं. सांडलेल्या उजेडाने प्रवेश कसा मरतो ते मला चांगलं माहीत आहे, म्हणून या भुतावर माझा विशेष जीव आहे. पार्कच्या साठीला, मे २०१५मध्ये, नव्या तंत्राने ते परत आलं. त्याच्यासमोरून जाताना बोलू नका, फक्त बघा.

जुलैत जाताय हे बरं झालं. २००१पासून बहुतेक वर्षी शरद ऋतूत आणि नाताळात बंगल्याची सजावट पार बदलते, आणि मी सांगितलेलं बरंच काही तिच्याआड झाकलं जातं.

आता नात. भीतीची खरी जागा पहिलीच आहे, ती लांबणारी खोली. मिट्ट काळोख, गडगडाट, किंकाळी आणि वर लटकलेला देह, सगळं काही क्षणांत. तिला आधी सांगून ठेवा की ही लिफ्ट आहे आणि दिवे जाणार आहेत, आणि तेवढा वेळ तिला कुशीत घ्या. बगीत तिला एकटी बसवू नका. पुढे कुणी अंगावर येत नाही, बगी जोरात पळत नाही, आणि नाचघरानंतर ती बहुधा हसत असेल. स्मशान संपल्यावर आरशात तुमच्या दोघींच्या मध्ये एक भूत येऊन बसलेलं दिसेल. ते तिला आधी सांगू नका.

बाहेर पडताना सरकता पट्टा तुम्हाला वर नेतो. तिथे सगळे मोबाइल काढतात आणि वर बघायचं राहून जातं. वर वीतभर उंचीची एक नवरीसारखी बाहुली उभी आहे आणि ती बारीक आवाजात लवकर परत या म्हणते. तिथे चेहराही लिओटा टूम्ब्स यांचा आहे आणि आवाजही त्यांचाच. नातीला तेवढी दाखवा.