अर्थ पाठ, वाक्य मात्र चुकतं

प्रश्न: रोज २० अवघड इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवतो. पाठ होतात, पण लिहिताना चुकतात. असं का?

उत्तर: शब्दाला एकच मराठी अर्थ चिकटवला की घोटाळा होतो. 'मिटिगेट' म्हणजे 'कमी करणे' एवढंच लिहिलं, तर 'आय मिटिगेटेड माय वेट' असं वाक्य होणारच. इंग्रजी-इंग्रजी कोशातली व्याख्या बघा: एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणे. म्हणून त्यापुढे 'रिस्क', 'डॅमेज', 'इम्पॅक्ट' येतात, वजन नाही. आणि त्याला 'अगेन्स्ट' जोडू नका. ते लागतं 'मिलिटेट'ला, आणि त्याचा अर्थ निराळा, आड येणे. ही गल्लत भलेभले करतात.

वीस कशाला? पाच पुरेत. प्रत्येकाखाली व्याख्या, कोशातलं एक वाक्य आणि एक स्वतःचं. 'दिस इज मिटिगेटिंग' हे फुकट गेलं, तिथे कुठलाही शब्द बसेल. 'ट्रीज मिटिगेट द हीट इन अवर लेन' चालेल. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी वाक्यातला शब्द बोटाने झाकून आठवा. अडलात तर तो शब्द पुन्हा पहिल्या दिवसापासून.