स्त्रीकडून असलेल्या अपेक्षांचा तिच्या आरोग्यावर खरोखर परिणाम होतो का?

होतो, आणि तो बहुधा ‘सोसणे हा बाईचा गुण’ या समजुतीतून होतो. पाळीच्या दिवसांत पोट धरून बसलेल्या मुलीला ‘सगळ्यांनाच दुखतं’ असे सांगून गप्प केले जाते. प्रत्यक्षात जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना होणारा एंडोमेट्रिओसिस हा आजार (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे) अशा दुर्लक्षामुळेही अनेकदा काही वर्षे निदानाविना राहतो. सर्वांची औषधे वेळेवर देणारी स्त्री स्वतःची तपासणी मात्र पुढे ढकलते. वैद्यकशास्त्रही (हे अधिक खटकते) यातून सुटलेले नाही: स्त्रियांच्या शरीरातून झोल्पिडेम हे झोपेचे औषध सावकाश बाहेर पडते, तरी त्यांच्यासाठीची शिफारस केलेली मात्रा अमेरिकेत निम्म्यावर आणली गेली ती २०१३ मध्ये, म्हणजे औषधाला मंजुरी मिळून २० वर्षे झाल्यावर.