कादंबरीचं नाटक करायला घेतलंयस तर
अरे आधी हक्कांचं बघ. बहुतेक देशांत लेखक गेल्यावरही 50 ते 70 वर्षं कॉपीराइट चालतो आणि अनुवादावरून करणार असशील तर अनुवादकाचीही परवानगी लागते, लेखीच घे, फोनवरचं "करा हो" कामाचं नाही. मग कादंबरी वाचून झाली की पुस्तक मिटून जे आठवतंय तेवढंच लिहून काढ, बहुतेकदा नाटक त्यातच असतं. पात्रं कापावीच लागतात, दोन मामा असतील तर एकच ठेव.

खरी गोची मनातल्या विचारांची. नवखे लोक सरळ निवेदक आणतात आणि प्रेक्षक बिचारा दोन तास पुस्तक ऐकत बसतो. "तिला अजून राग होता" असं पानावर असेल तर त्याने पुढे केलेली खुर्ची न घेता तिला नुसती उभी राहू दे ना, संवाद लागतच नाही. निवेदक हवाच असेल तर त्याचा कथेत काहीतरी स्वार्थ असू दे, थोडं खोटंही बोलू दे त्याला. लेखकाची सुंदर लांबलचक वाक्यं मोठ्याने म्हणून बघ, श्वास पुरला नाही की काट (जीव तुटतो, तरी काट). आणि पहिला ड्राफ्ट कादंबरी न वाचलेल्यांसमोर वाच, वाचलेले लोक गाळलेलं सगळं मनातल्या मनात भरून घेतात.