सरकारी खात्यात चेंज मॅनेजमेंट आणि कम्युनिकेशनमध्ये करिअर होऊ शकतं का?

तुमचं एमबीए एचआर झालंय, चार वर्षं आयटी कंपनीत काढलीत आणि आता असं काम, म्हणजे नवी पद्धत आली की ती लोकांना समजावून त्यांच्या अंगवळणी पाडायचं काम, सरकारात करायचंय, म्हणून विचारताय. होऊ शकतं. मी आठ वर्षं हेच करतेय, महसूलच्या प्रोजेक्ट्सवर, कंत्राटी. पण या नावाची पोस्ट शोधत बसू नका, एमपीएससीच्या जाहिरातीत ती नसते. माहिती व जनसंपर्कची भरती वेगळी, तिथे प्रसिद्धीचं काम जास्त. आमच्यासारखे लोक बहुतेक कन्सल्टन्सीमार्फत प्रोजेक्ट युनिटमध्ये येतात, पदनाम काहीतरी सल्लागार वगैरे, आणि करार अकरा महिन्यांचा.

काम काय असतं ते एका प्रसंगावरून सांगते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, पिकाची नोंद तलाठी करायचे, आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो टाकायचा. आम्ही एका तालुक्यात ट्रेनिंग घेतलं, चाळीस स्लाइड, बॅनर, चहा-नाश्ता सगळं. मागच्या रांगेत रिटायरमेंटला आलेले एक तलाठी भाऊसाहेब मांडीवर डायरी घेऊन बसले होते, ते उठले आणि म्हणाले, "मॅडम, नोंद राहिली आणि नुकसानभरपाईच्या वेळी पिकाचा रकाना कोरा दिसला, तर शेतकरी कोणाच्या दारात येणार? तुमच्या का माझ्या?" सगळा हॉल गप्प. त्यात आमची पत्रकं गावात आधी पोचली होती आणि तलाठ्यांना ट्रेनिंग नंतर, म्हणजे लोक विचारायला येत होते आणि त्यांच्याकडे उत्तरच नव्हतं. ही चूक सरळसरळ आमची होती, मला अजून लागते ती.

मग त्या भाऊसाहेबांशेजारी बसून त्यांच्या डायरीतले प्रश्न उतरवून घेतले. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न म्हणजे साधा फोन असणाऱ्याने काय करायचं. एका मोबाइलवरून बऱ्याच खातेदारांची नोंद होते, शेजाऱ्याचा फोन चालतो, हे आमच्या स्लाइडमध्ये होतं पण पार शेवटी! तेच एका पानावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात घेतलं, 'सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी' असली भाषा काढून टाकली, कोतवालांकडून चावडीवर वाचून घेतलं आणि दोन-तीन गावांत बांधावर जाऊन करून दाखवलं. त्यानंतर लोक स्वतःहून फोन घेऊन यायला लागले.

त्यामुळे चेंज मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट असेल तर उत्तम, पण आधी टिपणी, म्हणजे मंजुरीसाठी फाइलवर मांडायचा मजकूर, लिहायला शिका, फाइल कुठल्या टेबलावरून कुठे जाते आणि कुठे अडकते ते समजून घ्या. साहेबांची बदली झाली की मोहीम थंड पडते, म्हणून मंडळ अधिकारी आणि अव्वल कारकून यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नवीन साहेबांना सगळं तेच समजावून सांगतात.

पगार तुमच्या आयटीपेक्षा कमी असेल आणि बिलं उशिरा निघतात, घराचा हप्ता असेल तर सहा महिन्यांची सोय करूनच उडी घ्या. वय २६ च्या आत असेल तर मुख्यमंत्री फेलोशिपची (तरुणांना ठरावीक काळ सरकारसोबत काम करायला घेणारी योजना) जाहिरात निघतेय का बघत राहा, आत शिरायला चांगला रस्ता आहे. आणि अर्ज करायच्या आधी एक दिवस तुमच्या गावच्या तलाठी ऑफिसात जाऊन नुसतं बसा, कोण काय विचारायला येतं ते लिहून काढा. ते इथे टाकलंत तर पुढचं मी नक्की सांगेन.