तळ्यातले मासे आणि काठावरचा बगळा

प्रश्न : नमस्कार काका, दापोलीजवळ आमचं छोटं घर आहे. अंगणात मागच्या वर्षी सिमेंटचं तळं बांधून घेतलं, दहा बाय सहा फूट, एका बाजूला कुंड्या ठेवायला पायऱ्या काढल्यात, कोई आणि गोल्डफिश सोडले होते आणि आता त्यातले निम्मेसुद्धा दिसत नाहीत. सकाळी काठावर एक मातकट बगळा बसलेला असतो, हाकलला की एकदम पांढरा दिसतो उडताना, आणि पाच मिनिटांत परत हजर. सीडी टांगून झाल्या, बुजगावणं झालं, ऑनलाइन प्लास्टिकचा बगळा पण मागवला (एक बसलेला दिसला की दुसरा येत नाही म्हणे). सासूबाई म्हणतात सरळ जाळी टाका, पण मग तळं कसलं, पिंजराच की तो. काय करू? – एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, हा तुमचा पाहुणा म्हणजे वंचक, तुमच्याकडे ढोकरी म्हणत असतील. बसला की मातीत मिसळून जातो आणि पंख उघडले की पांढराशुभ्र, त्यामुळे ओळखायला चुकायचं काही कारण नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पाठ तांबडी-जांभळट झालेली दिसली तर दुसरा पक्षी समजू नका, तोच तो, विणीच्या हंगामातला. भातखाचरं भरलेली असतात तेव्हा बेडूक, खेकडे, किडे यावर त्याचं मस्त चालतं, पण फेब्रुवारी-मार्चपासून पऱ्हे (छोटे ओढे) आटायला लागले की आसपासच्या टापूत बारमाही पाणी, तेही नितळ, आणि त्यात केशरी रंगाचे मासे असं ठिकाण तुमच्या अंगणातच उरतं, मग तो दुसरीकडे कशाला जाईल सांगा.

आधी एक करा, मासे गेले म्हणून लगेच हिशोब मांडू नका. बगळ्याने एकदा चोच मारली की उरलेले मासे तळाशी जाऊन बसतात, कधी कधी दिवसच्या दिवस खायला पण वर येत नाहीत. रात्री टॉर्च मारून बघा, वाटतायत त्यापेक्षा जास्त सापडतील. अंगावर जखम असलेला एखादा दिसला तर त्याला वेगळ्या टबात घ्या, पाणी तळ्यातलंच, त्यात दर लिटरला दोन-तीन ग्रॅम साधं खडेमीठ, आयोडीनवालं नको.

आता मुद्द्याचं. तुमची खरी अडचण त्या पायऱ्या आहेत. बगळा काही पाणकावळ्यासारखा बुडी मारून मागे लागत नाही, तो उभा राहतो आणि वाट बघतो. त्याला दोनच गोष्टी लागतात, पाय टेकायला जागा आणि मान पोचेल इतक्या अंतरावर मासा. चार-सहा इंच पाणी असलेली पायरी म्हणजे तुम्ही त्याला पाट मांडून दिलाय. घाबरवण्याच्या नादाला लागण्यापेक्षा ती उभं राहायची जागा काढून घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. कुंड्या पायरीवरून उचलून खोलात विटांवर ठेवा आणि पायरी फोडून टाका, नाहीतर ती भरून काठापर्यंत उंच करा, म्हणजे चारी बाजूंनी भिंत सरळ खाली गेली पाहिजे. पाण्याची पातळी काठापेक्षा फूटभर खाली ठेवा, कारण हा पक्षी बसलेला असताना मान नसल्यासारखाच दिसतो पण ताणली की चांगली लांब जाते, काठावरून सहज वाकून मासा उचलतो. तळं निदान अडीच फूट खोल हवं, कारण वंचकाचं निभावलं तरी उद्या राखी बगळा आला तर तो सरळ पाण्यात उतरून चालतो, उभा राहिला की तीन फुटाच्या आसपास भरतो आणि वीतभर मासाही गिळतो, तुमच्या वंचकाला बोटभर पुरतो. (घरात लहान पोरं असतील तर मात्र हे खोलीचं गणित विसरा, तिथे सासूबाईंची जाळीच बरोबर.)

जलपर्णी टाकली असेल तर काढा. लोक मासे लपतील म्हणून टाकतात आणि तिचा थर एकदा घट्ट झाला की पाव किलोच्या आसपासचा हा पक्षी त्यावर आरामात उभा राहतो, म्हणजे तळ्याच्या मधोमध त्याला तराफा मिळाला. त्यापेक्षा कुमुदिनी लावा, तिची पानं पाण्याला चिकटून असतात. पानांनी साधारण अर्धं पाणी झाकलं तर पुरे, पूर्ण झाकू नका. तळाशी सिमेंटच्या किंवा पीव्हीसीच्या सहा इंची पाईपचे दोन्हीकडून उघडे तुकडे आडवे टाकून ठेवा, मासे दोन दिवसांत त्यांची सवय लावून घेतात.

जोडीला तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा. काठापासून हातभर लांब खुंट्या ठोकून जमिनीपासून अर्धा फूट आणि एक फूट अशा दोन ओळी ताणा, चालत येणारा बगळा पायाला काहीतरी लागलं की बिचकतो. वंचक पुष्कळदा थेट काठावरच उतरतो म्हणून एक ओळ खुद्द काठाच्या वर पण हवी. दोऱ्याला कापडाच्या चिंध्या बांधा, नाहीतर बगळा राहील बाजूला आणि घरचंच कोणीतरी अडखळून पडेल.

तो प्लास्टिकचा बगळा मात्र आधी काढून टाका. जिथे चारा भरपूर तिथे बगळे एकत्रही चरतात, त्यामुळे एक निवांत बसलेला दिसला की वरून जाणाऱ्याला वाटतं इथे काहीतरी आहे. सीडीची चमक चार-आठ दिवस चालते, मग त्याला कळतं की ही काही करत नाही. हालचाल ओळखून पाणी उडवणारा स्प्रिंकलर मिळतो, तो चालतो, पण सकाळी दूधवाला पण भिजणार. आणि जाळीबद्दल सांगायचं तर सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, पायरीचं काम होईपर्यंत आणि उन्हाळ्यात विहिरी-ओढे आटलेले असताना टाका, एरवी तुमचं तळं मोकळं राहू द्या.

प्रश्न : आमच्याकडे बगळा कधीच दिसत नाही, पण सकाळी उठून बघावं तर एखादा मासा कमी. नक्की कोण नेतंय? – नाशिकहून एक वाचक

उत्तर : रातबगळा असू शकतो. डोकं आणि पाठ काळी, पंख राखाडी, डोळे लाल. दिवसभर झाडावर घोळक्याने झोपा काढतो आणि अंधार पडताना क्वॉक क्वॉक करत निघतो, तो आवाज संध्याकाळी ऐकू येतो का बघा. मांजराचं काम असेल तर काठावर खवले, ओले पंजे, अर्धवट खाल्लेला मासा असा पसारा असतो, बगळा आख्खा गिळतो आणि मागे काही ठेवत नाही. तळ्यात शोभेचा दिवा रात्रभर चालू ठेवत असाल तर बंद करा, रातबगळ्याची सोयच होते त्याने.

पण अजून एक शक्यता तपासा. पाणी हिरवंगार असेल आणि पंप रात्री बंद करत असाल तर पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो, मासे तोंड वर काढून धापा टाकतात आणि एखादा मरतो, मेलेला तरंगला की उजाडताच कावळा उचलतो आणि नाव बगळ्याचं होतं. पहाटे पाचला एकदा उठून बघाच.

प्रश्न : तळ्यावर पातळ नायलॉनची जाळी टाकली होती, त्यात साप अडकला. आता काय? – कोल्हापूर

उत्तर : ओढू नका. वन विभागाच्या १९२६ हेल्पलाईनला किंवा गावातल्या सर्पमित्राला बोलवा, ते जाळीचा एकेक धागा कापून सोडवतात. तळ्याकाठचा साप पुष्कळदा दिवड निघतो, बिनविषारी, बेडूक-मासे खाणारा, पण जात नीट ओळखता येत नसेल तर हात लावायचाच नाही. ती ढिली, जमिनीवर लोळणारी जाळी कायमची काढा, त्यात साप, सरडे, पक्षी सगळेच गुरफटतात. त्याऐवजी पाईपची चौकट करून तिच्यावर एक इंची वेल्डमेश (तारांची कडक जाळी) ताणून बसवा, काठाशी फट राहू देऊ नका. एक इंचाचं भोक ठेवलं तर छोटा खंड्या पण आत शिरत नाही, आणि हवं तेव्हा चौकट दोघांनी उचलून बाजूला ठेवता येते.

प्रश्न : छर्ऱ्याच्या बंदुकीने घाबरवलं तर चालेल का? शेजारच्या चिंचेवरच यांची घरटी आहेत, ती पाडली तर प्रश्नच मिटेल. – वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नाही चालणार. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली बगळ्यांना संरक्षण आहे आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, जखमी करणं आणि अंडी-घरटी यांना हात लावणं पण त्यातच येतं. शिवाय घरट्यात पिल्लं असतात ते दिवस साधारण पावसाळ्यातले, तेव्हा आईबापांच्या फेऱ्या वाढतात, तेवढे आठवडे जाळी टाकून काढा. चिंचेखाली गाडी लावत असाल तर ती मात्र आजच हलवा, त्या विष्ठेने रंग जातो.