मूळचे पक्षी गावात परत आणायचे तर सुरुवात कुठून करावी?

समुद्रकाठच्या गावातून नाहीसे झालेले मूळचे पक्षी गावकऱ्यांना परत आणता येतील का, आणि त्यासाठी आधी झाडं लावावीत का, असं तुम्ही विचारलंय. पक्षी परत येतात. पण झाडं नंतर लावा, आधी अंडी आणि पिल्लं कोण खातंय ते शोधा.

आमच्या गटानं दोन वर्षं नुसती रोपं लावली. पक्षी आले, घरटी झाली, पण पिल्लू एकही उडालं नाही. मग लांबट खोक्यात मधोमध शाईची पट्टी, दोन्ही बाजूंना कोरा कागद आणि चिमूटभर पीनट बटर ठेवलं. सकाळी कागदभर उंदरांची पावलं! तेव्हापासून सापळे लावतो, तेही लाकडी पेटीत, म्हणजे पक्षी अडकत नाहीत. विष मात्र टाळा, मेलेला उंदीर खाऊन घुबडंही मरतात.

वाळूत अंडी घालणारे पक्षी असतील तर विणीच्या काळात तेवढा पट्टा दोरीनं अडवा. ती अंडी वाळूसारखीच दिसतात, पायाखाली येईपर्यंत कळत नाहीत. कुत्री साखळीला बांधलेली हवीत आणि मांजरं रात्री घरात. यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात. शांतपणे, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं.

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन शहरात झीलँडिया हे २२५ हेक्टरांचं कुंपणबंद अभयारण्य आहे. तिथं २००२मध्ये सोडलेल्या ‘काका’ नावाच्या तिथल्या मूळच्या पोपटांची पुढची पिढी आता शहरभर उडते. कुंपणाबाहेर त्यांना सांभाळायला लोकांनी आपापल्या परसात सापळे लावलेत.

ऑस्ट्रेलियातल्या वॉर्नंबूलची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. तिथल्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जायचे. २००५पर्यंत शेकडो छोट्या पेंग्विनांपैकी दहासुद्धा उरले नव्हते. कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या कल्पनेवरून २००६मध्ये मारेम्मा जातीचे राखणदार कुत्रे नेले आणि पेंग्विन पुन्हा वाढले. २०१७मध्ये खवळलेल्या समुद्रामुळे कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही. तेवढ्यात कोल्ह्यांनी शंभराहून जास्त पेंग्विन मारले.

म्हणून सापळे किती आहेत यापेक्षा ते दर आठवड्याला कोण बघणार, आणि तो आजारी पडला तर दुसरा कोण, हे आधी ठरवा. या आठवड्यात शाईचे चार खोके ठेवा. कोणाची पावलं उमटली ते इथंच लिहा, सापळा कुठला लावायचा ते त्यावरून सांगता येईल.