आयर्न क्रॉसपासून सुरुवात नको

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी वस्तूंवर मागच्या वेळी लिहिलं, त्यानंतर बरीच पत्रं आली. निम्म्या पत्रांना जोडलेल्या फोटोत आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन शौर्यपदक, होता, आणि त्यातले बहुतेक खोटे होते. निवडक प्रश्न घेतो.

महिन्याला दोन-तीन हजार रुपये बाजूला टाकू शकतो. पहिली वस्तू कोणती घेऊ? — नाशिक

कागद घ्या. फेल्डपोस्ट, म्हणजे आघाडीवरून घरी गेलेलं पत्र. शिपायाला टपालखर्च पडत नसे, त्यामुळे ही पत्रं कोट्यवधींनी लिहिली गेली आणि आजही मुबलक मिळतात. पाकिटावर तिकिटाऐवजी लष्करी टपालाचा शिक्का आणि पाठवणाऱ्याच्या नावाखाली पाच आकडी फेल्डपोस्ट क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून तुकडी शोधता येते. आत काय असतं? बहुधा मोजे पाठवा, बटाटे निघाले का, धाकटीचा खोकला कसा आहे. हे पत्र खोटं बनवणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून नवख्याला ते सुरक्षित.

जरा पैसे साठले की झोल्डबुख पाहा. ते शिपायाच्या खिशातलं ओळखपत्र-पगारपुस्तक: तुकड्या, लसी, इस्पितळं, मिळालेली पदकं, सगळ्याची नोंद त्यात. खऱ्या पुस्तकात चार वेगवेगळ्या शाया, पाच जणांची हस्ताक्षरं, घामानं मऊ पडलेले कोपरे. एका रात्रीत एकाच हातानं भरलेलं पुस्तक त्यापुढे लगेच ओळखू येतं.

पदकच हवं असेल तर 'पूर्व आघाडीवरील हिवाळी लढाई १९४१-४२' हे घ्या. २६ मे १९४२ ला सुरू झालेलं हे पदक तीस लाखांहून जास्त लोकांना मिळालं. शिपाई त्याला 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणत. त्या एका शिवीत मॉस्कोपुढची ती थंडी जितकी कळते तितकी जाडजूड ग्रंथातून कळत नाही.

एसएस या नाझींच्या खास दलाचं मात्र काहीही घेऊ नका. कॉलरपट्टी नको, कवटी नको, अंगठी तर नकोच. जिथे मागणी वेडी असते तिथे नकलांचे कारखाने चालतात.

ऑनलाइन आयर्न क्रॉस घेतला. चुंबकाला चिकटतो, सोबत प्रमाणपत्रही आहे. खरा आहे ना? — कोल्हापूर

प्रमाणपत्र फाडून टाका. ते छापायला क्रॉस बनवण्यापेक्षा कमी खर्च येतो.

चुंबकाचं असं आहे. खऱ्या क्रॉसचा गाभा सहसा लोखंडी, म्हणून तो चिकटतो. पण न चिकटणारे अस्सल क्रॉसही आहेत, आणि नकली बनवणाऱ्यालाही लोखंड कुठेही मिळतं. चुंबक फक्त गाभ्याचा धातू सांगतो, त्यापुढे काही नाही.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि क्रॉस आडवा, कडेकडून पाहा. तीन भाग असतात: मधे काळा लोखंडी गाभा, त्याला दोन्ही अंगांनी कवटाळणाऱ्या चांदीच्या किंवा जर्मन सिल्व्हरच्या दोन चौकटी. त्या एकमेकींना डाखानं जोडलेल्या असतात आणि कडेला त्या जोडाची केसासारखी रेघ फिरते. कारागिरानं ती घासून बुजवलेली असते, तरी कुठेतरी सापडते. आता चौकटीवरची मण्यांची ओळ पाहा. ठशानं उमटलेला मणी सुटा, टणक दिसतो. ओतीव नकलेत मणी एकमेकांत वितळल्यासारखे दिसतात आणि खाचेत सुईच्या टोकाएवढे खळगे असतात. ते खळगे दिसले की पुढे काही बघायचं उरत नाही.

समोर स्वस्तिक आणि १९३९ हवं, आणि क्रॉस दुसऱ्या श्रेणीचा असेल तर मागे १८१३. पदक मुळात त्या वर्षी प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजानं सुरू केलं. मधे स्वस्तिकाऐवजी ओकची पानं असतील तर तो १९५७ नंतरचा. पश्चिम जर्मनीनं त्या वर्षी जुन्या सैनिकांना पदकं लावायला परवानगी दिली, पण स्वस्तिक काढून. तो नकली नाही, युद्धकाळातलाही नाही. युद्धकाळातला म्हणून विकला तर मात्र फसवणूक.

माझा पहिला क्रॉस एका जुन्या बाजारातल्या पथारीवरचा. विकणारा म्हणाला, एका मेजरसाहेबांच्या बंगल्यातून आला. मी मेजरसाहेबांचे पैसे दिले आणि ओतीव जस्ताचा तुकडा घरी आणला. अजून टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

एम-४२ हेल्मेट मिळतंय, दोन्ही बाजूंना चिन्हं आहेत, गरुड आणि तिरंगी ढाल. दुर्मीळ म्हणून दुप्पट किंमत सांगतात. — ठाणे

दुर्मीळ नाही, अशक्यच्या जवळ आहे. लष्कराच्या हेल्मेटवरची काळी-पांढरी-लाल ढाल १९४० मध्येच बंद झाली. जे हेल्मेट १९४२ मध्ये बनू लागलं त्यावर कारखान्यातून ती येईल कशी?

मॉडेल ओळखणं सोपं. एम-३५ ला हवेच्या भोकात वेगळी कडी बसवलेली असते, एम-४० ला भोकाची कडा पत्र्यातूनच उठवलेली, आणि एम-४२ ची खालची कड आत न दुमडता तशीच सोडलेली. आत कारखान्याची अक्षरं आणि माप ठोकलेलं असतं, उदाहरणार्थ थाले इथल्या कारखान्याचं 'ईटी ६४'. बहुतेक वेळा टोप खरा असतो आणि खोटं असतं ते चिन्ह. युद्धानंतर नॉर्वेसारख्या देशांनी पडून राहिलेली हेल्मेटं आपल्या सैन्याला वापरली, त्यामुळे टोपांना तोटा नाही. वर चिन्ह चिकटवलं की किंमत चढते. बिनचिन्हाचं, पोचे पडलेलं हेल्मेट घ्या.

आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. त्यांच्या ट्रंकेत बेल्टचं बक्कल सापडलं, वर 'गॉट मिट उन्स' लिहिलंय. त्याचा अर्थ 'देव आमच्यासोबत' असं कळलं. हिटलरच्या सैन्याच्या पट्ट्यावर देव कसा? खोटं असेल का? — सातारा जिल्हा

या सगळ्या पत्रांतलं हे पत्र मी तीनदा वाचलं.

देव प्रशियाच्या काळापासूनचा आहे. सैन्याचं जुनं ब्रीद नाझी राजवटीतही लष्करी शिपायाच्या बक्कलवर तसंच राहिलं; मधे गरुड आणि स्वस्तिक आलं एवढंच. हवाई दलाच्या बक्कलवर उडता गरुड असतो, ब्रीद नसतं. तुमच्या बक्कलला मागे चामड्याची जीभ शिल्लक असेल तर तिच्यावर कारखान्याचं नाव आणि साल दाबलेलं असू शकतं. तिरप्या उजेडात पाहा. अॅल्युमिनियमचं बहुधा आधीचं, पोलादी आणि करडा रंग दिलेलं नंतरचं.

आपली माणसं तिकडे होतीच. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना वाहून आणलं आणि मशीनगनची ठाणी उडवली. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. २ मे १९४५ ला इटलीतली जर्मन शरणागती अमलात आली, तेव्हा असे पट्टे ढिगांनी पडले असणार.

आता ट्रंक पुन्हा उघडा. इटली स्टार नावाचं सहा टोकी पदक आहे का बघा. ब्रिटिश शिपायांना हे कोरं मिळालं, पण हिंदी सैनिकांच्या पदकामागे नंबर आणि नाव कोरलेलं असतं. ते सापडलं तर बक्कल आणि पदक एकत्र ठेवा. आजोबांकडून ऐकलेलं ज्यांना आठवतं त्यांच्याकडून जसंच्या तसं लिहून घ्या, खाली तारीख आणि सही. विक्रेत्यांच्या गोष्टींवर मी एक पैचा विश्वास ठेवत नाही, पण तुमची गोष्ट विक्रेत्याची नाही.

आणि घासू नका! चिंच नको, लिंबू नको, ब्रासो नको. करडा रंग एकदा गेला की गेला.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं कापड चमकलं म्हणजे नकली? — नागपूर

शंका घ्या, निकाल देऊ नका. चमक आणणारी रसायनं युद्धानंतरच्या धाग्यात आणि साबणात आली. पण खरा कोटही कुणीतरी नंतर डिटर्जंटमध्ये बुडवलेला असू शकतो. आणि न चमकणारं नवं कापड बनवणारेही आहेत.

आझाद हिंदच्या जर्मनीतल्या लीजनचं वाघाचं बाहुचिन्ह कुठे मिळेल? — मुंबई

नकली हवं असेल तर कुठेही. केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेपावणारा वाघ आणि 'फ्राइस इंडिएन' (स्वतंत्र भारत) ही अक्षरं भारतीय खरेदीदाराला भुरळ घालतात हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. सुभाषबाबूंनी जर्मनीत उभारलेली ही लीजन मुळात काही हजारांची, त्यातून उरलेली चिन्हं किती असणार? त्यापेक्षा १९४३ मध्ये बर्लिनला छापलेली आझाद हिंदची टपाल तिकिटं पाहा. ती टपालात कधी वापरली गेली नाहीत, पण खरी मिळतात. तरी घेताना जाणत्या तिकीट संग्राहकाला सोबत न्या.

मी स्टुटगार्टला नोकरी करतो. इथल्या बाजारात एक संगीन आणि बिल्ला घेतला. इन्स्टाग्रामवर टाकू का? भारतात आणता येईल? — स्टुटगार्ट

टाकू नका. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६-ए प्रमाणे ही चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. संशोधन, शिक्षण, कला यांना सवलत आहे, पण तुमची पोस्ट त्यात बसेल या भरवशावर राहू नका. घरात बाळगायला बंदी नाही. तिथले विक्रेते स्वस्तिकावर कागदाचा तुकडा चिकटवतात तो याचसाठी. 'हे तर आमच्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक' असा विनोद तिथे करू नका. ते त्याला हाकेनक्रॉइत्स म्हणतात, आणि त्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले.

संगिनीचं पातं पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास असतं. आपल्या शस्त्र नियमांच्या यादीत संगीन आणि खंजीर नावानिशी आहेत, त्या बाळगायला परवान्याची गरज आहे का, हे त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं. आणण्याआधी कस्टम्सला आणि पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा. बिल्ल्याला ही अडचण नाही.

शिपायाचा अर्धा तुटलेला ओळखबिल्ला स्वस्तात मिळतोय, मातीत सापडलेला. — छत्रपती संभाजीनगर

त्या लंबगोल बिल्ल्याच्या मधोमध खाचा असतात. शिपाई मेला की खालचा अर्धा भाग तोडून नोंदीसाठी नेत, वरचा देहासोबत पुरत. मातीतून निघालेला वरचा अर्धा म्हणजे कुणाची तरी कबर उकरलेली असू शकते, आणि तो काढून नेला की त्या हाडांना नाव मिळायची शेवटची शक्यता संपते. विकत घेऊ नका. आधीच घेतला असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो आणि त्यावरची सगळी अक्षरं-आकडे जर्मन युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या फोल्क्सबुंड या संस्थेला कळवा, आणि विक्रेत्यानं जागा सांगितली असेल तर तीही.